रिळांचं वंगण: कुठे तेल, कुठे ग्रीस, कशात काय मिसळायचं

१२ जानेवारी

टेबलावर मासेमारीची चार रिळं उघडी आहेत. एक लहान स्पिनिंग, एक समुद्रावर चालणारं मोठं स्पिनिंग, एक बेटकास्टर (यात फेकताना स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी, स्वतः फिरतो) आणि एक जुन्या घडणीचं गोल ट्रोलिंग रीळ. कपाटात तेला-ग्रीसच्या अर्धवट ट्यूबा आणि डब्यांची गर्दी. प्रत्येकीवर ‘रिळांसाठी सर्वोत्तम’ असं काहीतरी छापलेलं. या प्रकल्पाचा हेतू एवढाच की ही गर्दी कमी करायची, आणि उरलेल्या डब्यांतलं काय कुठे लावायचं हे एकदाच ठरवून टाकायचं.

मोठं स्पिनिंग वापरलेलं विकत घेतलेलं आहे, त्यामुळे आधीच्या मालकाने आत काय भरलं होतं ते ठाऊक नाही. पिनियनभोवतीचं (मुख्य गियरला जुळणाऱ्या लहान गियरभोवतीचं) ग्रीस दुधट आणि पातळ होऊन खाली ओघळलंय, थोडं रोलर क्लचमध्येही (हँडल उलटं फिरू न देणारा भाग) झिरपलंय. हँडल उलटं फिरवलं की कधी अडतं, कधी सरळ घसरतं. दुधट ग्रीस पाहिलं की पाणी शिरलंय असं वाटतं. म्हणून चिमूटभर ग्रीस तापलेल्या पत्र्यावर ठेवून पाहिलं. पाणी असतं तर तडतडलं असतं. ते मुकाट वितळलं. म्हणजे बहुधा दोन न जुळणारी ग्रीस एकमेकांत गेली आहेत. ही भानगड पुढे नीट तपासायची.

१४ जानेवारी

वंगण निवडण्याआधी प्रत्येक जागेवर वेग किती आणि भार किती, ते कागदावर मांडलं.

बेटकास्टरच्या स्पूलचे बेअरिंग सगळ्यात वेगवान. भरलेल्या स्पूलचा व्यास ३४ मि.मी., म्हणजे परीघ साधारण १०.७ सें.मी. फेकताना लाइन सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटली असं धरलं तर स्पूल सेकंदाला २८० फेरे घेतो, मिनिटाला १६,८०० च्या आसपास. भार मात्र नगण्य, लाइन आणि स्पूलचं वजन तेवढंच. इथे पातळ तेल, तेही थेंबभर.

स्पिनिंगच्या लाइन रोलरकडे, म्हणजे लाइन ज्यावरून वळून स्पूलवर जाते त्या चाकाकडे, लोक बघतही नाहीत. गियर गुणोत्तर ५.२ आणि स्पूलवर लाइनचा व्यास ४८ मि.मी. असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ७८ सें.मी. लाइन आत येते. रोलरचा व्यास ९ मि.मी. धरला तर हँडलच्या एका फेऱ्याला तो जवळजवळ २८ वेळा फिरतो. सेकंदाला एक फेरा या चालीने मिनिटाला १,६०० हून जास्त. वर लाइनसोबत येणारं सगळं खारं पाणी पहिलं त्याच्यावरच पडतं. एवढ्याशा बेअरिंगला अख्ख्या रिळात सगळ्यात वाईट नशीब आलंय.

मुख्य गियर आणि पिनियनचं उलट आहे. वेग कमी, भार जास्त, आणि दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतातही. इथे चिकटून राहणारं ग्रीस हवं. ड्रॅगची (मासा ओढू लागला की लाइन आवरून सोडणाऱ्या ब्रेकची) गोष्टच वेगळी, तिथे घर्षण मारायचं नसून त्याला शिस्त लावायची असते. रोलर क्लचला तर वंगणाची जवळजवळ गरजच नसते, फक्त गंजापासून बचाव हवा. लेव्हलवाइंडचा (लाइन स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या भागाचा) वर्म शाफ्ट उघड्यावर असतो, म्हणून वाळू आणि धूळ धरून ठेवणारं काहीही तिथे नको.

मांडून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. कागदावर या जागा वेगळ्या आहेत, पण रिळाच्या आत त्यांच्यात भिंती नाहीत. गियरचं ग्रीस पिनियनच्या बेअरिंगमधून क्लचपर्यंत जातं, मुख्य दांड्यावर सोडलेलं तेल त्याच पिनियनच्या पोटातून खाली उतरतं. वंगणं एकमेकांना भेटणारच. तेव्हा प्रत्येक जागेसाठी सुटं सुटं ‘सर्वोत्तम’ वंगण शोधण्यात अर्थ नाही. एकमेकांशी पटणारा संच निवडायला हवा.

१८ जानेवारी

डब्यांची झडती घेतली. आधी ग्रीसची घडण टिपून ठेवतो, कारण लेबलावरचे अर्धे शब्द त्याशिवाय कळत नाहीत.

ग्रीस म्हणजे मूळ तेल, ते धरून ठेवणारा घट्टकारक आणि थोडी पूरक द्रव्यं. वंगणाचं काम तेल करतं, घट्टकारक ते जागेवर ठेवतो आणि दाब आला की थोडं थोडं सोडतो. घट्टकारक बहुतेक वेळा साबण असतो: लिथियम, लिथियम कॉम्प्लेक्स, कॅल्शियम. शिवाय कॅल्शियम सल्फोनेट, पॉलियुरिया, बेंटोनाइट माती आणि पीटीएफईची (टेफ्लॉनची) भुकटी. मूळ तेल खनिज असेल, पीएओ म्हणजे कृत्रिम हायड्रोकार्बन असेल, एस्टर असेल, सिलिकॉन असेल किंवा महागडं फ्लोरिनयुक्त पीएफपीई.

लेबलावर ‘एनएलजीआय २’ असतं तो घट्टपणाचा दर्जा. २५ अंश सेल्सिअसला, ठरलेले ६० दट्टे मारून घोटलेल्या ग्रीसमध्ये एक शंकू किती खोल रुततो ते मि.मी.च्या दहाव्या भागात मोजतात. २६५ ते २९५ आलं तर क्रमांक २, ३१० ते ३४० तर क्रमांक १, ३५५ ते ३८५ तर क्रमांक ०. त्याखाली ०० आणि ०००, ते जवळपास ओघळणारेच.

लोक हा आकडा पाहून ग्रीस ‘जड’ की ‘हलकं’ ते ठरवतात, आणि तिथेच फसगत होते. क्रमांक फक्त घट्टपणा सांगतो, आतल्या तेलाची श्यानता, म्हणजे वाहायला होणारा विरोध, सांगत नाही. एका क्रमांक २ च्या ग्रीसमध्ये ४० अंशांना २० सेंटिस्टोकचं तेल असू शकतं, दुसऱ्यात ४६० चं. बोटाला दोन्ही सारखीच लागतील, हँडलला अजिबात नाही. माझ्याकडच्या एका कारखानी लिथियम ग्रीसच्या माहितीपत्रकात मूळ तेल २२० चं आहे. ट्रकच्या चाकाला ते शोभतं, लहान स्पिनिंगला नाही.

ज्या दोन ट्यूबांवर घट्टकारक लिहिलेला नाही आणि माहितीपत्रकही मिळत नाही, त्या बाद. वंगण वाईट असेल असं म्हणत नाही, पण जे कशाशी पटतं तेच माहीत नाही ते संचात कसं घेणार?

२५ जानेवारी

मिश्रणाची चाचणी. उद्योगात यासाठी एएसटीएम या मानक संस्थेची डी ६१८५ ही रीत आहे. दोन ग्रीस १०:९०, ५०:५० आणि ९०:१० या प्रमाणांत मिसळून मिश्रणाचा द्रवबिंदू (ज्या तापमानाला ग्रीस थेंबाने गळू लागतं), घोटल्यावरचं टिकणं आणि उष्णतेत साठवल्यावरचा बदल पाहतात. घरी शंकू नाही आणि भट्टीही नाही, पण प्रमाणं तीच घेता येतात. छोट्या काचेच्या बाटल्या, लाकडी काडी, नीट घोटणं, मग बाटल्या आडव्या करून कोमट जागी ठेवून देणं. सोबत प्रत्येक मूळ ग्रीसचीही एकेक बाटली, तुलनेसाठी. ती नसेल तर मिश्रण मऊ झालं की मुळातच मऊ होतं ते कळणार नाही.

२८ जानेवारी

बाटल्या पाहिल्या.

लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्स: काहीच झालं नाही, अपेक्षित होतं. लिथियम कॉम्प्लेक्स आणि कॅल्शियम सल्फोनेट: माझ्याकडच्या जोडीत ठीक. लिथियम आणि पॉलियुरिया: निम्मं-निम्मं मिश्रण दोघांपेक्षाही पातळ, बाटलीच्या कडेने ओघळलेलं. मोठ्या स्पिनिंगमध्ये दिसलेला दुधट ओघळ हुबेहूब असाच होता. ही जोडी सहसा जमत नाही असं मानलं जातं ते उगाच नाही. पॉलियुरियाचे काही प्रकार जमवून घेतातही, पण कुठला घेतो ते लेबलावरून कळत नाही. बेंटोनाइट मातीचं ग्रीस कुणाशीच धड राहिलं नाही, एका बाटलीत तर तेल सरळ वेगळं होऊन तळाला आलंय.

१०:९० ची बाटली सर्वांत जास्त शिकवणारी. नव्वद टक्के चांगलं ग्रीस असूनही पॉलियुरियाच्या त्या दहा टक्क्यांनी ते मऊ केलं. ‘जुनं वरवर पुसलं, थोडं राहिलं तर काय बिघडतं’ याचं उत्तर त्या बाटलीत आहे.

पीएफपीई तेलाचा थेंब खनिज तेलात टाकला तर तो तळाशी जाऊन गोळा होऊन बसतो. त्याची घनता पाण्याच्या जवळपास दुप्पट, आणि हायड्रोकार्बन तेलांशी ते मिसळतच नाही. उत्तम वंगण आहे, गंजत नाही, जळत नाही, पण लावायचं तर धातूवरून आधीच्या तेलाचा मागमूस काढावा लागतो. नंतर चुकून साधं तेल सोडलं तर दोन्ही वेगवेगळी बसतात. संचातून बाद.

३० जानेवारी

तेलं. दोनच ठेवायची ठरवली, दोन्ही पीएओवर आधारलेली: एक आयएसओ व्हीजी १०, एक व्हीजी १००. हा क्रमांक म्हणजे ४० अंशांना तेलाची श्यानता सेंटिस्टोकमध्ये, दहा टक्के इकडेतिकडे.

मधलं तेल लागलं तर मिसळून करायचं. इथे साधी सरासरी चालत नाही. १० आणि १०० निम्मं-निम्मं वजनाने घेतलं तर ५५ येईल असं वाटतं, पण श्यानता लॉगॅरिथमच्या वाटेने चालते. शुद्धीकरण कारखान्यांत वापरतात त्या मिश्रणांकाच्या सूत्राने हिशेब केला तर उत्तर साधारण २७ येतं. पातळ तेलाचा हात नेहमी वरचढ. उलटही खरं: जाड तेलाच्या बाटलीत चुकून थोडंसं द्रावक राहिलं तरी ते अपेक्षेपेक्षा खूप पातळ होतं.

दोन्ही एकाच जातीची असल्यामुळे मिश्रण स्वच्छ राहिलं, गढूळ झालं नाही. पीटीएफईची भुकटी घातलेल्या तेलाची एक बाटली आहे, तिच्या तळाला पांढरा थर बसलाय. हलवून वापरलं तर ठीक, पण स्पूलच्या बारीक बेअरिंगमध्ये मला तरंगते कण नकोत.

शिवणयंत्राचं तेल वाईट नाही, ते स्वच्छ आणि पातळ खनिज तेलच असतं. अडचण एवढीच की गंजरोधक द्रव्यं त्यात नसल्यात जमा. गोड्या पाण्यात चालेल. खाद्यतेल मात्र कुठलंही नको. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते चिकट होतं, शेवटी वार्निशसारखं कडक. आणि डब्ल्यूडी-४० चं मूळ काम नावातच आहे, १९५३ साली ते पाणी हटवण्यासाठी बनवलं गेलं. ओल्या रिळातून पाणी काढायला उपयोगी, पण आतलं ग्रीसही सैल करून धुऊन नेतं. त्यानंतर वंगण पुन्हा द्यावंच लागतं.

२ फेब्रुवारी

सफाई. लिथियम ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट निघत नाही, नुसतं पसरतं. नॅफ्था किंवा मिनरल स्पिरिटमध्ये निघतं, आणि शेवटचा तेलकट थर अल्कोहोलने पुसता येतो. ॲसिटोन फक्त उघड्या धातूला, प्लॅस्टिकचं अंग आणि रबरी सील त्याच्या आसपासही नकोत. काम खिडकी उघडी ठेवून. अल्ट्रासाउंडच्या टाकीत नॅफ्था थेट ओतणं म्हणजे आगीला आमंत्रण. तिथे साबणाचं पाणी वापरायचं, मग लगेच अल्कोहोल, मग वाळवणं.

मोठ्या स्पिनिंगचा एकूणएक भाग धुतला. पिनियनच्या पोटातली नळी विसरायची नाही, जुनं ग्रीस तिथे हमखास उरतं.

स्पूलचे ३×१०×४ मि.मी. बेअरिंग धुऊन कोरडे फिरवले की भिरभिर फिरत राहतात. ते किती सेकंद फिरतात याच्या फुशारक्या खूप ऐकल्या आहेत. कोरडा बेअरिंग सगळ्यात जास्त वेळ फिरतो आणि सगळ्यात आधी मरतो, तेव्हा त्या सेकंदांना फार किंमत देत नाही. व्हीजी १० चा एक थेंब टाकला की फिरणं थोडं कमी होतं, आवाज खूप कमी होतो. एकच थेंब. दुसरा टाकला तर फेकताना तो उडून ब्रेकवर जातो.

८ फेब्रुवारी

रोलर क्लच. बारीक रोलर, त्यांच्यामागे इवल्या स्प्रिंगा, आणि बाहेरच्या कड्यात उतरते खाचे. हँडल उलट जाऊ लागलं की रोलर खाच आणि बाही यांच्यामध्ये पाचरीसारखे अडकतात. अडकण्यासाठी त्यांना आधी स्प्रिंगने सरकवायला हवं, आणि स्प्रिंग इतकी नाजूक असते की जाड ग्रीसमध्ये तिचा जोर पुरत नाही.

हे पाहण्यासाठी तेच असेंब्ली तीन वेळा धुऊन तीन वंगणांनी भरलं, आणि प्रत्येक वेळी फ्रिजमध्ये ठेवून थंड झाल्यावर हँडल उलट झटकलं. क्रमांक २ चं ग्रीस: बाहेर कसंबसं अडतं, थंडीत सरळ घसरतं. व्हीजी १०० तेल भरपूर: थंडीत एक क्षण उशिरा अडतं, हातात ‘खट्’ जाणवतं. व्हीजी १० चं तेल लावून कापडाने जवळपास पुसून टाकलेलं: दोन्हीकडे तात्काळ.

मासा लागल्यावर हिसका देताना क्लच घसरला तर हँडल बोटांवर आदळतं आणि झटक्यात पकडल्यावर गियरच्या दातांना धक्का बसतो. म्हणून या जागेपुरता संचाचा नियम कडक: पातळ तेलाचा पुसट थर, बाकी काही नाही. शेजारच्या पिनियन बेअरिंगवर ग्रीस कमी लावायचं, म्हणजे ते इकडे सरकणार नाही.

१५ फेब्रुवारी

आजचा दिवस गियरच्या ग्रीसचा. कॅल्शियम सल्फोनेट संचात घ्यायचं जवळजवळ ठरलंय. हा घट्टकारक स्वतःच गंज रोखतो आणि जड दाबही झेलतो, त्यासाठी वेगळी द्रव्यं फारशी घालावी लागत नाहीत. दोष एकच, घट्टकारकाचं प्रमाण जास्त असतं आणि ग्रीस जड वाटतं. ट्रोलिंग रिळात ते जाणवणार नाही. लहान स्पिनिंगमध्ये हँडल चिखलात फिरवल्यासारखं झालं.

मग पातळ करणं. २० ग्रॅम ग्रीस दागिन्यांच्या काट्यावर तोलून घेतलं, काचेच्या पाटीवर २ ग्रॅम व्हीजी १०० मिसळून घोटलं. दुसऱ्या ढिगात ४ ग्रॅम. या ग्रीसचं मूळ तेलही हायड्रोकार्बनच आहे, त्यामुळे पीएओ त्यात बिनतक्रार मुरलं. तेल एकदम ओतायचं नाही. थोडं घालून पूर्ण मुरेपर्यंत घोटायचं, मग पुढचं. घाईत ओतलेलं तेल मुरल्यासारखं दिसतं आणि सकाळी वर तरंगतं.

४ ग्रॅमचा ढीग हाताला क्रमांक १ च्या आसपास वाटतो. शंकूऐवजी एकच गुळगुळीत सळई स्वतःच्या वजनाने किती रुतते ते पाहिलं. यातून आकडा मिळत नाही, पण विकतच्या क्रमांक १ च्या ग्रीसशी शेजारी ठेवून तुलना होते. जवळपास सारखं.

हेच व्हीजी १० तेल घालूनही केलं. घट्टपणा तेवढाच उतरला, हँडल त्याहून हलकं झालं. पण आतलं तेलच पातळ केल्यावर दातांमधली वंगणाची फीत बारीक होते. लहान रिळाला, कमी भाराला चालेल. मोठ्या स्पिनिंगला व्हीजी १०० चंच मिश्रण.

लावण्याची रीत: ब्रशने दातांच्या दोन्ही बाजूंना, दातांचा आकार दिसत राहील इतकंच. पोकळी गच्च भरली तर फिरणारा गियर पहिल्या काही फेऱ्यांत जास्तीचं ग्रीस भिंतीवर फेकतो, ते तिथेच पडून राहतं, आणि क्लचकडे सरकणारा माल आपणच तयार केलेला असतो.

२२ फेब्रुवारी

पितळेची परीक्षा. पिनियन बहुधा पितळेचा असतो, ट्रोलिंग रिळात मुख्य गियरही. जड दाबासाठी गंधकयुक्त द्रव्यं घातलेली गियर तेलं तांब्याच्या मिश्रधातूंना काळवंडतात. उद्योगात यासाठी तांब्याच्या घासलेल्या पट्टीची चाचणी असते, एएसटीएम डी १३०. पट्टी गरम तेलात बुडवून ठेवतात आणि रंगावरून १ए ते ४सी असा शेरा देतात. मी पितळेच्या पत्र्याचे तुकडे बारीक पॉलिश कागदाने चमकवून सगळ्या उमेदवारांत बुडवून कोमट जागी ठेवले होते.

निकाल डोळ्यांना दिसण्यासारखा. उग्र वासाच्या, वाहनाच्या डिफरन्शियलच्या तेलातला तुकडा तपकिरी-काळा. बाकी तुकडे थोडेफार मंद झालेत, पण पितळच दिसतात. रिळात कधी डिफरन्शियलइतका ताप नसतो हे मान्य, पण तो दाबही नसतो. ज्याची गरज नाही त्याचा धोका कशाला घ्यायचा?

मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस पितळेला काही करत नाही. तरी ते नकोच, कारण एकदा लावलं की झिजेची धातूभुकटी दिसेनाशी होते. उजळ ग्रीस काळं पडलं की ते झिजेचं पहिलं पत्र असतं, काळ्या ग्रीसमध्ये ते वाचता येत नाही.

१ मार्च

ड्रॅग. हिशेबापासून सुरुवात. ३ किलोच्या ड्रॅगवर माशाने ५० मीटर लाइन नेली तर जवळपास १,४७० जूल उष्णता वॉशरांच्या चळतीत तयार होते. २० ग्रॅम पोलादी वॉशरांतच ती सगळी अडकली तर तापमान १५० अंशांनी चढेल. प्रत्यक्षात बरीचशी स्पूलमध्ये आणि हवेत निघून जाते, पण एका दमात धाव घेतली तर वेळ कुठे मिळतो? पाण्याने घडवलेल्या साध्या कॅल्शियम साबणाच्या ग्रीसचा द्रवबिंदू १०० अंशांच्या आसपास असतो, साध्या लिथियमचा १८० ते २००. पीटीएफई २६० पर्यंत टिकतं. ड्रॅगसाठी पीटीएफईने घट्ट केलेलं ग्रीस वेगळं का विकतात ते इथे कळतं.

कार्बन फायबरची वॉशर कोरडी चालवता येते, आणि काही लोक तशीच चालवतात. मी स्प्रिंगकाट्याने लाइन ओढून पाहिली, २.५ किलोवर ड्रॅग लावून. कोरडी असताना सुरुवातीला काटा वर उडी मारतो, मग खाली येऊन चालतो. हीच उडी बारीक लाइन तोडते. मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवल्यावर तर काटा थरथरत राहिला. पीटीएफई ग्रीस दोन्ही बाजूंना चोळून, जास्तीचं कापडाने पुसून टाकल्यावर उडी जवळजवळ गेली आणि भिजवल्यावरही वागणूक तीच. कमाल ड्रॅग किंचित उतरला. लाइनच्या तुटण्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर ड्रॅग लावणाऱ्याला त्याचं दुःख नाही.

लहान स्पिनिंगची वॉशर फेल्टची. ती मुळात ग्रीस पिऊन राहण्यासाठीच असते. कोरडी पडली की दबते, चकाकते आणि झटके देते. तीच पीटीएफई ग्रीस तिला चेपून चेपून पाजली. या डबीमुळे संचात चौथं वंगण आलं, पण त्याचं तेलही कृत्रिम हायड्रोकार्बनच आहे. गियरच्या ग्रीससोबतची त्याची बाटली अजून सरळ उभी आहे.

९ मार्च

खाऱ्या पाण्याचा निकाल. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणून तेवढंच मीठ घातलं. घासलेल्या पोलादी पट्ट्यांवर एकेक वंगण सारखं चोळून अर्ध्या पाण्यात, अर्ध्या हवेत. पाण्याच्या रेषेवर गंज पहिला येतो.

व्हीजी १० तेलाची पट्टी सर्वांत आधी गेली, त्यात नवल नाही. पीटीएफई ग्रीस मध्यम. लिथियम बराच वेळ टिकलं, पण कडेने पाणी शिरलं. कॅल्शियम सल्फोनेटची पट्टी पुसली तेव्हा खालचं पोलाद जसंच्या तसं. गियरच्या ग्रीसचा प्रश्न इथे मिटला. त्याच ग्रीसचा पुसट हात आता सगळ्या स्क्रूंच्या आट्यांवर आणि साइड प्लेटच्या आतूनही. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसला की खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि स्क्रू जाम होतो. मॅग्नेशियमच्या सांगाड्यात त्याहून वाईट.

१६ मार्च

जोडणी. कपाटात आता चारच डब्या: व्हीजी १०, व्हीजी १००, कॅल्शियम सल्फोनेट आणि ड्रॅगचं पीटीएफई ग्रीस. पातळ केलेलं ग्रीस छोट्या डबीत, वर प्रमाण आणि तारीख लिहून. सिलिकॉन ग्रीसची एक ट्यूब बाजूला ठेवली आहे, ती फक्त रबरी ओ-रिंगसाठी. पोलादावर पोलाद घासतं तिथे सिलिकॉन तेल कच खातं.

क्लचला पुसट व्हीजी १०. स्पूल बेअरिंगला त्याचाच थेंब. हँडलच्या मुठीला, मुख्य दांड्याला आणि लाइन रोलरला व्हीजी १००. वर्म शाफ्टवर निम्म्या-निम्म्या मिश्रणाचं तेल, ग्रीस नाही. ते प्रत्येक फेरीनंतर पुसून पुन्हा लावणं सोपं पडतं, आणि पॉलच्या (वर्मच्या खाचेत चालणाऱ्या दाताच्या) टोकाला वाळू चिकटत नाही.

चुंबकी द्रवाने सीलबंद केलेल्या बेअरिंगची रिळं, उदाहरणार्थ डाइवाची मॅगसील्ड, या सगळ्या यादीबाहेर. त्या जागी साधं तेल सोडलं की तो द्रव पातळ होऊन सील जातं. ती जागा उत्पादकाच्या सेवाकेंद्रासाठी सोडायची.

धुताना ड्रॅग घट्ट करून, नळाचं पाणी हलक्या धारेने. जोराची धार मीठ आत ढकलते. वाळल्यावर ड्रॅग सैल, म्हणजे फेल्ट दबून राहत नाही.

६ एप्रिल

खाऱ्या पाण्यात चांगलं वापरून झाल्यावर मोठं स्पिनिंग उघडलं. गियरवरचं ग्रीस जागेवर, रंग तोच, ओघळ नाही. पिनियनच्या नळीत वरून आलेलं तेल आणि खालचं ग्रीस भेटलेलं दिसतं आणि मिश्रण थोडं मऊ आहे, पण एकजीव. क्लच तात्काळ अडतो.

लाइन रोलरचं उत्तर मात्र बदललं. व्हीजी १०० तेल तिथून पार धुऊन गेलंय, बेअरिंग खरखरतो. मिनिटाला १,६०० फेरे हा आकडा मोठा वाटला होता, पण या आकाराच्या बेअरिंगला तो किरकोळ आहे. ग्रीस तिथे वेग अडवत नाही, रोलर लाइनबरोबर फिरला म्हणजे झालं. नवा बेअरिंग घातला, झाकणाची रिंग काढून पातळ केलेलं कॅल्शियम सल्फोनेट आत काठोकाठ भरलं. गियरमध्ये जी पोकळी रिकामी ठेवायची ती इथे पूर्ण भरायची, कारण रिकाम्या जागेत पाणीच येऊन बसतं. सुरुवातीला रोलर जरा जड फिरला, थोडी लाइन ओढल्यावर मोकळा झाला. लहान स्पिनिंगलाही तसंच केलं. तक्त्यात लाइन रोलरसमोरचं ‘व्हीजी १००’ खोडून ‘ग्रीस, भरून’ लिहिलं.